पूल पाहिजे, भराव नको

जुलै लागला, घाटमाथ्यावर दोन-चार दिवस झड बसली की आमच्या चिक्कोडी-निपाणी पट्ट्यात, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, बुडालेल्या पुलांची तीच ती यादी फिरायला लागते. कल्लोळ-येडूर गेला, मलिकवाड-दत्तवाड गेला, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी, ममदापूर-हुन्नरगी, आणि तिकडं कृष्णेवर कुडची-उगार. 'गेला' म्हणजे वाहून नाही गेला, पाण्याखाली गेला. पेपरवाल्यांनी मागच्या वर्षीची बातमी तारीख बदलून छापली तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही, फार तर एखादं नाव पुढंमागं. मग दुधाच्या गाड्या लांबचा वळसा घालणार, सासुरवाडीला गेलेला जावई तिकडंच अडकणार, आणि ज्याच्या घरात पेशंट आहे त्यानं मिरजेला कसं जायचं हे ज्याचं त्यानं बघायचं. त्यामुळं उंच पूल पाहिजे ही मागणी शंभर टक्के बरोबर आहे, त्यात काही वाद नाही. माझा वाद पुढचा आहे. उंच पूल म्हणून आपल्या पदरात जे पडतं ते बऱ्याच वेळा अर्धा पूल आणि अर्धी भिंत असते, आणि त्या भिंतीबद्दल कुणी ब्र काढत नाही.

आधी आहे त्याचं बघू. बुडणाऱ्या यादीतले बरेचसे मुळात पूल नाहीतच, बंधारे आहेत, वरून रस्ता काढलाय इतकंच. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे पात्रात ओळीनं खांब, खांबांना खाचा, पावसाळा सरला की त्या खाचांत बरगे म्हणजे आडव्या फळ्या बसवायच्या, पाणी तुंबवायचं, उन्हाळाभर मोटारी लावून उसाला उपसायचं आणि मृगाच्या तोंडावर बरगे काढून नदी मोकळी करायची. तो काठाच्या खालीच बसतो म्हणून पहिल्या मोठ्या पाण्यात बुडतो, आणि गंमत अशी की बुडतो म्हणूनच पुराला फारसा आडवा येत नाही, पाणी त्याच्या डोक्यावरून निघून जातं. पाणी उतरल्यावर जाऊन बघा एकदा. कठडे नसलेला चिंचोळा रस्ता, त्यावर चिकण गाळाचा थर, खांबांत अडकलेलं केंदाळ, मुळासकट उपटून आलेली उसाची बेटं, कुठं एक चप्पल, आणि दोन्ही तोंडाला पोलिसांनी आडवी टाकलेली बाभळीची फांदी तशीच. पोरं खोऱ्यानं गाळ ओढतात आणि दिवस मावळायच्या आत मोटारसायकली सुरू होतात. गैरसोय आहे, धोका तर आहेच, दरवर्षी कोण ना कोण पाण्यात गाडी घालतोच. पण नदीला त्याचा त्रास नाही.

आता उंच पूल. पात्रावर पाच-सात गाळे, म्हणजे दोन खांबांमधली पाणी जायची मोकळी जागा, खांबांवर वर स्लॅब, उद्घाटनाच्या फोटोला एकदम झकास. पण रस्ता त्या उंचीला चढवायचा कसा? तर दोन्ही बाजूला शेतातनं मुरमाचा भराव टाकायचा, रोलर फिरवायचा, वर डांबर. उन्हाळ्यात बघणाऱ्याला वाटतं नदी तर मधल्या गाळ्यांतनं आरामात जायलीय, मग अडचण काय? अडचण अशी की उन्हाळ्यात दिसते ती नदी वेगळी आणि ऑगस्टातली नदी वेगळी. आमच्याकडची कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा पुरात पात्रात राहत नाही, काठ सोडून काळ्या रानात पसरते, मळीच्या जमिनी म्हणतो त्या सगळ्या तिच्याच. तेवढं पसरलेलं पाणी वाहत असतंय, उभं नसतंय. त्याला आडवा भराव घातला की ते सगळं मधल्या गाळ्यांकडं वळतं, तिथं त्याची कोंडी होते, वरच्या अंगाला फुगवटा चढतो. आणि चार दिवसांत उतरणारं पाणी आठ दिवस रानात बसतं. ऊस पाण्यात दोन-चार दिवस तग धरतो हो, पण शेंडा बुडून पानांच्या सुरळीच्या आत गाळ बसला की संपलं, नंतर तो उभा दिसतो हिरवागार आणि आतनं कुजलेला असतो. शेतकऱ्याला विचारा, पाणी किती चढलं यापेक्षा किती दिवस बसलं हे तो आधी सांगेल.

भरावामुळं पूर येतो असं मी म्हणत नाही, हे नीट ऐकून घ्या. पूर पावसानं येतो. भराव त्याला जाऊ देत नाही.

आता थोडं देवळांचं. यात त्यांचा काय संबंध? संबंध आहे, कारण या नदीकाठी पुराशी कसं वागायचं हे सगळ्यात चांगलं कुणाला कळलं असेल तर जुन्या देवळांना. नरसोबाची वाडी तिकडं शिरोळ तालुक्यात, महाराष्ट्रात, पण पौर्णिमेला निपाणी-चिक्कोडी-बेळगावातली किती माणसं तिथं असतात ते वेगळं सांगायला नको. वाडीला दरवर्षी पाणी देवळात शिरतं. उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या देवळात नेतात, पूजाअर्चा तिथं चालू राहते, आणि कृष्णेचं पाणी उत्तरेच्या दारानं आत येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडायला लागलं की तो दक्षिणद्वार सोहळा, लोक त्या पाण्यात आंघोळीला मुद्दाम जातात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याला. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, मला त्यात एक साधी गोष्ट दिसते, पाण्याला यायला दार आहे आणि जायलाही दार आहे. २०१९ ला सगळं देऊळ पाण्याखाली होतं, पाणी उतरल्यावर गाळ काढला, धुतलं, पूजा सुरू झाली. खानापूरकडं मलप्रभेकाठी हब्बनहट्टीचा मारुती दर पावसाळ्यात असाच बुडतो आणि असाच वर येतो. तिथं कुणी मारुतीभोवती भिंत बांधायची भाषा केलेली मी तरी ऐकलेली नाही.

आणि खिद्रापूर. कृष्णेच्या वळणात बसलेलं गाव, तीन बाजूला नदी, पलीकडं आमचं जुगूळ, म्हणजे बेळगाव जिल्हा. कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. पुढचा स्वर्गमंडप छताला उघडा, वर साधारण तेरा फुटांचं गोल आभाळ आणि त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा, भोवतीनं खांब, मंडपाला मिळून ४८ खांब सांगतात. बाहेरून फिरताना खाली सगळीकडं हत्ती, देऊळच जणू त्यांच्या पाठीवर ठेवलंय. २०१९ च्या पुरानंतर गेलो होतो तेव्हा त्या हत्तींच्या पायांशी राखाडी गाळ वाळून भेगाळलेला होता, एका हत्तीच्या सोंडेच्या खोबणीत तर गवत उगवलेलं. पण दगड हलला नव्हता. शिलालेख बघितले तर बरेचसे जुन्या कानडीत, आणि दक्षिण दाराजवळ सिंघण यादवाचा शके ११३६ चा संस्कृत लेख देवनागरीत. देऊळ आज महाराष्ट्रात, त्यातले लेख कानडी. आणि नंदी? नंदी नाहीच तिथं! सती दक्षाच्या यज्ञाला माहेरी निघाली तेव्हा नंदीवर बसून गेली, म्हणून देव इकडं एकटा आणि रागावलेला, शेजारी धोपेश्वर म्हणून विष्णू त्याची समजूत काढायला, आणि नंदी नदीच्या खालच्या अंगाला आमच्या चिक्कोडी तालुक्यात येडूरला. दक्षाचा यज्ञ मोडणारा वीरभद्रही येडूरलाच, त्याच्या देवळाला दोन्ही राज्यांतली माणसं येतात, निम्मी मराठीत नवस बोलतात, निम्मी कानडीत.

म्हणून या भागात पुलाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, देव एका राज्यात नि नंदी दुसऱ्या राज्यात, दोघांना जोडणारा पूल झाला पाहिजे, पर्यटन वाढेल. ऐकायला लई गोड. मला हे पटत नाही. पूल खिद्रापूर-जुगूळ म्हणा, येडूर-कल्लोळ म्हणा, कुठलाही घ्या, तो देवासाठी मागायचा नसतो. कोपेश्वर आणि नंदी आठशे वर्षं वेगवेगळे राहिलेत, त्यांची काही तक्रार नाही. तक्रार आहे बाळंतपणाला मिरजेला नेताना वळसा घालणाऱ्यांची, उसाच्या ट्रॉलीवाल्यांची, पलीकडं शेत नि अलीकडं घर असलेल्यांची. देवाला पुढं केलं की काय होतं सांगतो, मग अंदाजपत्रकात काय आहे ते विचारणारा माणूस देवाच्या कामात आडवा आलेला ठरतो. भराव किती लांब, गाळे किती, पूररेषा कुठली धरली, हे प्रश्न नारळ फुटायच्या आवाजात जातात. आणि उलटही तेवढंच खरं. देवळाला धक्का बसेल म्हणून पूलच नको म्हणणारे बहुतेक लांब राहणारे असतात, वर्षातनं एकदा त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र मंडपाच्या मधोमध बघायला येतात, फोटो काढतात, जातात. त्यांना पावसाळ्यातलं गाव माहीत नसतं.

कायद्याचं म्हणाल तर संरक्षित स्मारकांसाठी तो बऱ्यापैकी कडक आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या यादीतल्या स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढं २०० मीटर परवानगीशिवाय काही नाही. चांगलंच आहे. पण ही मोजपट्टी तीनशे मीटरला संपते आणि पाण्याचा फुगवटा किलोमीटरांत चालतो. नदीच्या एका काठाला, नियमाच्या बाहेर, अगदी दुसऱ्या राज्यात भराव टाकला तर पाणी समोरच्या काठाला सरकणार, वळणावर असलेला काठ कापणार. त्या काठावर देऊळ असेल तर देवळाच्या घाटाखालची माती जाणार, घरं असतील तर घरांखालची. कागदावर कुणीच नियम मोडलेला नसणार.

आता थोडं हिशोबाचं, कंटाळा करू नका. पुलाला पाण्यासाठी किती लांबी मोकळी ठेवायची याला लेसीचं जुनं सूत्र आहे, डिप्लोमाला घोकून घेतात. पुराचं पाणी सेकंदाला किती घनमीटर त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ४.८ नं गुणायचं. एक लाख क्युसेक म्हणजे साधारण २८३० घनमीटर, सूत्रानं उत्तर येतं २५५ मीटरच्या आसपास. चार लाख क्युसेक धरलं तर ५१० च्या आसपास. म्हणजे पाणी चौपट, लांबी दुप्पट. सूत्र चुकीचं नाही, पण ते गाळातनं वाहणारी नदी स्वतःचं पात्र केवढं करते त्याचं सूत्र आहे. २०१९ ला, २०२१ ला पाणी ज्या रुंदीनं रानातनं वाहत होतं ते ज्यानं डोळ्यानं बघितलंय त्याला पाचशे मीटरची मोकळीक ऐकून हसू येईल. ऑफिसात बसून सूत्राएवढे गाळे दिले, बाकी भराव टाकला, फाइल क्लिअर. चूक कुणाचीच नाही आणि पाणी मात्र वरच्या गावात.

पैशाचा मुद्दा येतोच. मीटरमागं गाळ्याचा खर्च भरावापेक्षा जास्त, हे खरंय, कुणी नाकारत नाही. पण भरावाचा खरा खर्च कुठं लिहिलेला असतो का? समजा सहा मीटर उंच भराव, वर दहा मीटर रस्ता, बाजूचा उतार दोनास एक, म्हणजे मीटरभर उंचीला दोन मीटर आडवं. तळाला किती जागा जाते? चौतीस मीटर! पूरपट्ट्यातली, काळी, दोन्ही हंगाम देणारी जमीन, तिचं भूसंपादन, त्यावरच्या केसेस, वर्षानुवर्षं अडकलेली कामं. शिवाय खाली काळी माती असली की ती काढून टाकायची, कारण ती पावसात फुगते उन्हात तडकते, मग मुरूम आणायचा, तो कुठल्या तरी माळाची टेकडी सपाट करून. आणि दर पुरानंतर बुडालेल्या उसाची, पडलेल्या घरांची भरपाई वेगळ्या खात्यातनं जाते, पुलाच्या खात्यात तिची नोंदच नाही. खांबांवरचा पूल शेतातनं गेला तर खालून बैलगाडी जाते, म्हैस जाते, पाणीही जातं. हे सगळं धरून बेरीज कुणी मांडून दाखवली आणि तरी भराव स्वस्त निघाला तर मी गप्प बसेन, पण अशी बेरीज मांडलेली मी आजपर्यंत बघितलेली नाही.

मग सांगतात की भरावात मोऱ्या टाकतो की. टाकतात, सिमेंटच्या पायपा. पहिल्या पुरात त्यांची तोंडं बघा, उसाचा पाला, केंदाळ, थर्माकोलचे तुकडे, देव्हाऱ्यातले हार, घागर, सगळं एकमेकांत गुंतून असं बसतं की पहारीनंसुद्धा निघत नाही. पायपेपेक्षा मोठा चौकोनी बॉक्स बरा, हे मान्य, पण बॉक्स टाकणार तर तेवढ्या ओळीनं टाका की पूरपट्टा भरेल, आणि मग तो भराव राहतच नाही, तो पूलच झाला. तेच तर म्हणायलोय.

पुणे-बंगळूर महामार्गाच्या सहापदरीकरणात मांगूर फाट्यावर भरावाचाच वाद झाला, शेतकरी म्हणाले भराव नको पिलरचा उड्डाणपूल द्या, रस्त्यावर उतरले. मला त्यांचं कौतुक वाटतं, कारण त्यांनी 'पूल नको' म्हटलं नाही आणि 'आमच्या देवासाठी' म्हटलं नाही, पाण्याबद्दल बोलले. यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर येऊन २०१९ आणि २०२१ ला पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला तेव्हा दोन्हीकडं ट्रकांच्या रांगा लागल्या, अख्ख्या देशाला निपाणी कुठं आहे ते कळलं. खेड्यातला पूल बुडाला तर तेवढं कळत नाही, एवढाच फरक.

यात आमचा कायमचा पाहुणा म्हणजे सीमाप्रश्न. मी मराठीच्या बाजूचा आहे, लपवायचं काही कारण नाही, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे तो निकाली लागावा असं मलाही वाटतं. पण कोर्टाची तारीख आणि नदीचं पाणी यांची गाठ घालू नका. कुठं बोर्डावरनं, झेंड्यावरनं ठिणगी पडली की दोन्हीकडच्या बस बंद होतात, पूर काही बंद होत नाही. राज्यं दोन, सार्वजनिक बांधकामं दोन, पाटबंधारे दोन, आणि दत्तवाड-मलिकवाडसारख्या ठिकाणी नदीचा एक काठ यांचा एक त्यांचा. एका बाजूनं आपल्या पुराची पातळी धरून आखणी करायची, दुसऱ्यानं आपली, असं होऊन चालेल का? निदान सीमेवरच्या प्रत्येक पुलासाठी दोन्ही राज्यांच्या इंजिनिअरांनी एका टेबलावर एकच पूरपातळी ठरवावी, एवढी मागणी मराठी माणसानं केली म्हणून कुणी कानडी होत नाही.

आणि पूर आला की दोन्हीकडचे पुढारी कुणाकडं बोट दाखवतात? धरणांकडं, खालचं कर्नाटकातलं अलमट्टी आणि वरचं महाराष्ट्रातलं कोयना. इकडचे म्हणतात कोयनेतनं पाणी सोडलं, तिकडचे म्हणतात अलमट्टीचा फुगवटा, धरणाची पातळी ५१९ मीटर का ५२४ मीटर, यावर टीव्हीवर रात्रभर चर्चा. अलमट्टीची उंची वाढवायचा प्रश्न गंभीर आहे, तो सोडा असं मी म्हणणार नाही. पण २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्रानंच नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला मुख्य दोषी धरलं नाही, पूररेषेतल्या अडथळ्यांकडं लक्ष वेधलं, आणि त्यानंतरही आपण अडथळेच बांधायलोय. लांबच्या धरणावर बोलणं सोपं असतंय, त्यात गावातला कुणी दुखावत नाही. आपल्या गावच्या भरावाचा ठेकेदार मात्र आपल्याच गल्लीतला असतो, पुढच्या इलेक्शनला उभा पण राहणार असतो.

देवळाजवळ पूल झाला की गर्दी वाढणार, गाड्या, चहाचे गाडे, प्लॅस्टिक, हे होणारच. गाड्या गावाबाहेर थांबवा, देवळापर्यंत चालत या, कोपेश्वराला घाई नाही. यावर फार बोलण्यासारखं नाही, ग्रामपंचायतीनं मनावर घेतलं तर जमतं.

तर करायचं काय? तुमच्या गावात पुलाचं काम मंजूर झालंय म्हणून कुणी पेढे वाटायला आला तर पेढा घ्या आणि ग्रामसभेत नकाशा मागा. त्यात २०१९ च्या पाण्याची खूण कुठं धरली आहे ते बघा, गावात शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीवर ती खूण असतेच, तिच्याशी ताडून बघा. गाळ्यांची एकूण लांबी किती आणि भरावाची किती हे वेगवेगळं लिहून घ्या, तोंडी नको. साहेब म्हणतील कोडप्रमाणं, म्हणजे पूल बांधायच्या नियमावलीप्रमाणं आहे. मग विचारा, कोडमध्ये किती वर्षांतनं एकदा येणारा पूर धरलाय, आणि तसला पूर गेल्या वीस वर्षांत इथं किती वेळा येऊन गेलाय ते यांनी कुणाला विचारलंय का.